बोर्ड गेला, प्रोसेसर शाबूत : एका सॉकेटच्या कराराची गोष्ट

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण त्यात किल्ले नाहीत, लढाया नाहीत, सनावळी मात्र थोडी आहे. सुरुवात एका जुन्या कॉम्प्युटरपासून करतो.

काही महिन्यांपूर्वी एक विद्यार्थी माझ्याकडे आला. इथे छत्रपती संभाजीनगरात खोली घेऊन राहतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मामाने वापरून दिलेला असेंबल्ड डेस्कटॉप होता त्याच्याकडे. एक दिवस बटण दाबलं, पंखा फिरला, पण पडद्यावर काही येईना. दुकानात दाखवल्यावर उत्तर मिळालं, ‘बोर्ड गेलाय. प्रोसेसर चांगला आहे, पण आता हे सगळं बदलूनच टाका.’ त्याने मला विचारलं, ‘सर, प्रोसेसर चांगला आहे तर तो का बदलायचा?’

फार चांगला प्रश्न आहे हा. याचं उत्तर त्या दुकानदाराकडे नव्हतं, आणि त्यात त्याचा दोषही नव्हता. ते उत्तर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या इतिहासात आहे.

आधी आपल्या गावच्या भाषेत समजून घेऊ. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून या शहरातल्या घराघरात इंजिन आणि चॅसी हे शब्द माहीत आहेत. प्रोसेसर म्हणजे इंजिन. मदरबोर्ड म्हणजे चॅसी आणि वायरिंग दोन्ही एकत्र. आणि इंजिन चॅसीवर जिथे बसतं, ते जे बोल्टचे माप आहे, ते म्हणजे सॉकेट. इंजिन कितीही चांगलं असलं तरी बोल्टची मापं जुळली नाहीत तर ते जमिनीवर ठेवायचं. तेव्हा आजची गोष्ट ही प्रोसेसरची नाही. ती या बोल्टच्या मापांची आहे. ही मापं कोण ठरवतो, कोणासाठी ठरवतो आणि कधी बदलतो, त्याची.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. चाळीस पायांचा, लांबट, झुरळासारखा दिसणारा. आयबीएमची एक अट होती : एकाच कंपनीवर आम्ही अवलंबून राहणार नाही, हा माल दुसरीकडेही मिळाला पाहिजे. म्हणून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला आणि एएमडीनेही तेच प्रोसेसर बनवायला सुरुवात केली. पुढे १९८४ मध्ये जपानच्या एनईसीने व्ही२० नावाचा प्रोसेसर आणला. त्याचे पाय ८०८८ च्या पायांशी तंतोतंत जुळायचे. लोक जुना काढायचे, हा दाबून बसवायचे, आणि त्याच बोर्डावर मशीन थोडं वेगात चालायचं.

म्हणजे बघा, सुरुवातीला हे चाळीस पाय म्हणजे एक प्रकारचा सामायिक करारच होता. कुठल्याही कायद्याने केलेला नव्हता तो. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या हट्टातून तो जन्मला होता. हे लक्षात ठेवा, शेवटी परत यायचंय इथे.

या करारातून निसटायचा पहिला प्रयत्न १९८५ मध्ये झाला. इंटेलने ३८६ काढला आणि तो बनवायचा हक्क एएमडीला द्यायला नकार दिला. कोर्टकज्जे झाले. एएमडीने स्वतःच्या बळावर तसाच प्रोसेसर घडवला आणि १९९१ मध्ये बाजारात आणला. तो ३८६ च्या बोर्डावर सरळ बसत होता. करार वाकला, पण तुटला नाही.

आता भारताकडे वळू. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने नवं कॉम्प्युटर धोरण जाहीर केलं आणि सुटे भाग आयात करणं सोपं झालं. १९९१ नंतर ते आणखी सोपं झालं. त्यातून एक नवा व्यवसाय उभा राहिला : असेंबल्ड कॉम्प्युटरचा. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसवरून यायचा आणि जोडणी गावात व्हायची. आपल्याकडे त्याला जमीन तयार होती. उस्मानपुऱ्यातलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय होतं, १९६० पासूनचं. विद्यापीठाच्या आवारात ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स डिझाइनची संस्था आली, जिला आज आपण नायलिट म्हणतो. सोल्डरिंग आयर्न धरता येणारी, मल्टीमीटर लावता येणारी मुलं शहरात होती.

आणि नेमकी याच काळात जगाला त्या कराराची सगळ्यात उदार आवृत्ती मिळाली. १९९५ मध्ये सॉकेट ७ आलं. ३२१ छिद्रं आणि बाजूला एक छोटी दांडी. दांडी वर करा, प्रोसेसर अलगद ठेवा, दांडी खाली करा. जोर लावायचा नाही. या एका सॉकेटवर इंटेलचा पेंटियम बसायचा, एएमडीचे के५ आणि के६ बसायचे, सायरिक्सचा ६एक्स८६ बसायचा, आयडीटीचा विनचिपही बसायचा. अर्थात बोर्डावरचे जंपर नीट लावावे लागायचे, कारण व्होल्टेज वेगवेगळं असायचं आणि चुकलात तर प्रोसेसर जळायचा. पण गिऱ्हाइकाच्या हातात निवड होती. बोर्ड गेला तर कुठल्याही कंपनीचा बोर्ड घ्या, प्रोसेसर तोच ठेवा. पैसे आले तर प्रोसेसर बदला, बोर्ड तोच ठेवा. हप्त्याहप्त्याने कॉम्प्युटर घेण्याची आपल्याकडची पद्धत याच सोयीवर उभी राहिली.

याच सुमाराला पुण्यात सी-डॅकमध्ये हाच विचार फार मोठ्या आकारात चालू होता. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. १९९१ चा परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर उभा होता. पुढे ट्रान्सप्युटर मागे पडला. तेव्हा १९९४ च्या परम ९००० ची रचना करताना त्यांनी सांगाडा असा ठेवला की प्रोसेसर बदलता यावा. म्हणून त्याच परम ९००० ची सुपरस्पार्कवर, अल्ट्रास्पार्कवर आणि अल्फावर चालणारी अशी वेगवेगळी रूपं झाली. ज्यांच्या हातात प्रोसेसर बनवणं नाही, त्यांनी निदान सांगाडा तरी आपल्या हातात ठेवावा, हे शहाणपण आहे. महासंगणक बांधणाऱ्याला आणि डेस्कटॉप जोडणाऱ्याला ते सारखंच लागू पडतं.

मग १९९७ साल उजाडलं. इंटेलने पेंटियम २ आणला आणि सॉकेटच काढून टाकलं. त्या जागी स्लॉट १ आला, म्हणजे प्रोसेसर व्हिडिओ गेमच्या कॅसेटसारखा उभा खोचायचा. इंटेलच्या बाजूने सांगायचं तर याला तांत्रिक कारण होतं. कॅश मेमरीच्या वेगळ्या चिपा प्रोसेसरशेजारी बसवायच्या होत्या, त्यासाठी एक छोटी पाटी लागत होती. पण त्याचबरोबर या नव्या जोडणीवर पेटंट होतं आणि ते वापरायचा परवाना एएमडीकडे नव्हता. दोनेक वर्षांत कॅश प्रोसेसरच्या आतच मावायला लागली, कॅसेटची गरज संपली, इंटेल परत सॉकेटवर आलं. सामायिक सॉकेट मात्र परत आलं नाही. एएमडीने आधी जुनं सॉकेट ७ ताणून सुपर ७ केलं, मग १९९९ मध्ये अल्फा प्रोसेसरची बस घेऊन स्वतःचा स्लॉट ए काढला. तिथून दोन घरं झाली. इंटेलचा बोर्ड वेगळा, एएमडीचा वेगळा. आजही तसंच आहे.

माझ्या मते आजच्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष १९९७ हेच. त्याआधी ‘कुठला बोर्ड बसेल’ हा प्रश्न मिस्त्रीचा होता. त्यानंतर तो कंपनीच्या धोरणाचा झाला.

आता कोणी म्हणेल, बोर्ड बदलायची वेळच का येते? प्रोसेसर का जात नाही? त्याचं कारण साधं आहे. प्रोसेसर हा सिलिकॉनचा तुकडा, त्यात झिजण्यासारखं फार थोडं. बोर्डावर मात्र कॅपॅसिटर असतात, छोटी नळकांडी, ज्यांच्या आत द्रव असतो. तो हळूहळू सुकतो. साध्या कॅपॅसिटरवर लिहिलेलं असतं, १०५ अंश सेल्सियसला २००० तास. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे ६५ अंशांना ३२,००० तास. रोज आठ तास वापर धरला तर साधारण अकरा वर्षं. पण तोच कॅपॅसिटर ७५ अंशांना असेल तर १६,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षं. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. पत्र्याची खोली, खिडकीजवळ ठेवलेलं कॅबिनेट, आत साचलेली धूळ, त्यात लोडशेडिंगचं जा-ये. थंड हवेच्या देशात जो बोर्ड दहा वर्षं चालतो तो मराठवाड्यात पाच वर्षांत मान टाकतो. हा नशिबाचा भाग नाही, गणिताचा आहे.

त्यात १९९९ ते २००७ च्या दरम्यान जगभर सदोष कॅपॅसिटरची साथच आली. आतला द्रव नीट बनवलेला नव्हता. नळकांडी फुगायची, डोक्यावरून फुटायची, तपकिरी चिकट पदार्थ बाहेर यायचा. नेमका हाच आपल्याकडे कॉम्प्युटर गावोगावी पोचण्याचा काळ होता. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटीची केंद्रं तालुक्या-तालुक्यात निघाली, सायबर कॅफे निघाले. ज्यांनी त्या काळात अशी केंद्रं चालवली त्यांना ‘कॅपॅसिटर फुगला’ हे वाक्य पाठ असेल. दहा-वीस रुपयांचा भाग बदलून हजारोंचा बोर्ड वाचवणारी मुलं तेव्हाच तयार झाली.

आता २००४. इंटेलने ७७५ पॉइंटचं सॉकेट आणलं आणि एक छोटा पण फार परिणामकारक बदल केला. तोवर पाय प्रोसेसरला असायचे आणि छिद्रं बोर्डाला. आता प्रोसेसरला नुसते सपाट ठिपके आणि नाजूक पाय बोर्डावर. म्हणजे पूर्वी पाय वाकला तर नुकसान प्रोसेसरचं, आता वाकला तर बोर्डाचं. जोखीम एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर गेली. बोर्ड आणखी दुबळा झाला, प्रोसेसर आणखी चिवट झाला.

७७५ ने आणखी एक धडा शिकवला. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. सॉकेट तेच, ७७५. लोकांनी हौसेने जुन्या बोर्डावर बसवला, आणि बहुतेक जुन्या बोर्डांवर तो चालूच झाला नाही. कारण त्याला लागणारा वीजपुरवठा तो बोर्ड देऊ शकत नव्हता. तेव्हा बोल्ट जुळले म्हणजे इंजिन चालेलच असं नाही. चिपसेट बघावा लागतो, बायोसची आवृत्ती बघावी लागते.

तरीही तो काळ बरा होता, कारण मेमरीचा कारभार बोर्डाकडे होता. जी४१ चिपसेटचा बोर्ड डीडीआर२ रॅमचाही मिळायचा आणि डीडीआर३ चाही. प्रोसेसर तोच. पुढे हा कारभारच प्रोसेसरच्या आत गेला, एएमडीने २००३ मध्ये नेला, इंटेलने २००८ मध्ये. तेव्हापासून रॅम कुठली हे प्रोसेसर ठरवतो. बोर्डाकडची निवड बरीचशी कमी झाली.

आता त्या विद्यार्थ्याच्या मशीनकडे परत येऊ. आत कोअर आय५-२४०० होता, जानेवारी २०११ चा, ११५५ पॉइंटच्या सॉकेटवर बसणारा. या प्रोसेसरच्या जन्मातच एक किस्सा आहे. तो बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने जाहीर केलं की सोबतच्या चिपसेटमध्ये दोष आहे. हार्ड डिस्क जोडायची काही पोर्ट कालांतराने मंदावतील. दोष एका ट्रान्झिस्टरला मिळणाऱ्या जास्त व्होल्टेजचा होता. प्रोसेसर निर्दोष होता. मग काय केलं? बोर्ड परत घेतले, दुरुस्त चिपसेटचे नवे बोर्ड दिले, आणि लोकांनी आपला तोच प्रोसेसर नव्या बोर्डावर बसवला. त्या दुरुस्ती-बदलीचा खर्च इंटेलने सुमारे ७० कोटी डॉलर धरला होता.

म्हणजे ‘प्रोसेसर ठेवा, बोर्ड बदला’ हे काही गरिबाचं जुगाड नाही. खुद्द कंपनीने जगभर तेच केलं, कारण तेव्हा ते तिच्या फायद्याचं होतं. मग पाच-दहा वर्षांनी गिऱ्हाइकाने तेच करायचं म्हटलं की सुटा बोर्ड का मिळत नाही? कारण सॉकेट मधल्या काळात बदललेलं असतं. २०११ ला ११५५, २०१३ ला ११५०, २०१५ ला ११५१. २०१७ मध्ये तर पॉइंट तेवढेच, ११५१, प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसायचा, पण चालायचा नाही. कंपनीने वीजपुरवठ्याचं कारण दिलं. हौशी लोकांनी बायोसमध्ये फेरफार करून काही जुन्या बोर्डांवर तो चालवून दाखवला. मग २०२० ला १२००, २०२१ ला १७००, २०२४ ला १८५१. सॉकेट बदललं की जुन्या सॉकेटचे बोर्ड बनायचे थांबतात. प्रोसेसर मात्र कोट्यवधी घरांत धडधाकट असतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तसं.

दुसरी बाजूही सांगतो. एएमडीने एएम४ हे सॉकेट २०१६ मध्ये आणलं आणि अनेक वर्षं चालवलं. मे २०२० मध्ये त्यांनीही जाहीर केलं की पुढचे प्रोसेसर फक्त नव्या चिपसेटवर चालतील, ४०० मालिकेच्या बोर्डांवर नाही. कारण दिलं बायोसच्या चिपमधल्या अपुऱ्या जागेचं. ग्राहकांनी जगभर आरडाओरडा केला, आणि दोन आठवड्यांच्या आत कंपनीने निर्णय फिरवला. पुढे २०२२ मध्ये त्याहून जुन्या बोर्डांनाही परवानगी मिळाली. सांगितलेली अडचण खोटी नव्हती, पण ती सुटण्यासारखी होती. आणि ती सोडवायची इच्छा गिऱ्हाइकांच्या आवाजातून आली. १९८१ च्या आयबीएमच्या हट्टाची ही लहान आवृत्तीच म्हणा ना.

मग त्या मुलाला मी काय सांगितलं? पाच गोष्टी बघायला सांगितल्या. एक, प्रोसेसरवरचा नंबर वाच आणि त्याचं सॉकेट शोध. दोन, बोर्डाच्या कंपनीच्या यादीत तो प्रोसेसर आहे का बघ, नुसत्या सॉकेटवर विश्वास ठेवू नको. तीन, तुझी रॅम डीडीआर३ आहे, बोर्डही डीडीआर३ चाच हवा. चार, कॅबिनेटमधल्या स्क्रूच्या जागा आणि एसएमपीएसची पिन जुळते का बघ. असेंबल्ड कॅबिनेटला ही अडचण सहसा येत नाही, कारण एटीएक्सची मापं १९९५ पासून टिकून आहेत. ब्रँडेड मशीनमध्ये मात्र बोर्डाचा आकार आणि पिना त्यांच्या त्यांच्या असतात, तिथे फसगत होते. आणि पाच, विंडोजचा परवाना. मशीनसोबत आलेला परवाना बहुधा बोर्डाला बांधलेला असतो. गाडीच्या आरसीवर इंजिन नंबर आणि चॅसी नंबर दोन्ही असतात. विंडोज मुख्यतः चॅसी नंबर बघतं. बोर्ड बदलला की त्याच्या लेखी ते मशीनच नवं.

त्या जुन्या प्रोसेसरसाठी एच६१ चिपसेटचा बोर्ड मिळाला. नव्या कॉम्प्युटरच्या किमतीच्या मानाने किरकोळ पैशांत. जुनी थर्मल पेस्ट पुसली, नवी लावली, मशीन सुरू झालं. पण गोष्ट इथे संपत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ हा प्रोसेसर स्वीकारत नाही. म्हणजे सॉकेटचा अडथळा ओलांडला तर पुढे सॉफ्टवेअरचा अडथळा उभा. त्या मुलाने लिनक्स टाकलं. देवनागरी टायपिंग, पीडीएफ, व्हिडिओ लेक्चर, त्याचं सगळं काम चालतं.

आता कायद्याचं बोलू आणि थांबू. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, २०१६ ला सुधारले, २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून आले. त्यांचा भर कचरा झाल्यानंतर काय करायचं यावर आहे. वस्तू कचरा होऊच नये, यासाठी २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं, अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. सुट्या भागांची माहिती आणि दुरुस्तीच्या सूचना लोकांपर्यंत पोचाव्यात, हा त्याचा हेतू. चांगलं आहे. पण सॉकेट किती वर्षं टिकवायचं, ते बदलल्यावर जुने बोर्ड किती वर्षं मिळत राहतील, हा प्रश्न अजून कंपनीच्या मर्जीवर आहे.

इतिहास एवढंच दाखवतो की ही मर्जी निसर्गनियम नाही. १९८१ मध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकाने ती वाकवली, २०२० मध्ये अनेक लहान गिऱ्हाइकांनी मिळून वाकवली. महाराष्ट्रातल्या शाळा, ग्रामपंचायती, महाविद्यालयं मिळून केवढं मोठं गिऱ्हाइक होतं, विचार करा. पुढच्या वेळी तुमच्या शाळेची, संस्थेची कॉम्प्युटर खरेदी निघेल तेव्हा निविदेत एक ओळ टाकायला सांगा : या प्रोसेसरचा सुटा बोर्ड किमान अमुक वर्षं मिळेल, हे पुरवठादाराने लिहून द्यावं. वर्षं तुम्ही ठरवा. ओळ मात्र टाका.